स्मारक बंद, दवाखाना चालू

१ ऑक्टोबर २०१३. अमेरिकेच्या संसदेत खर्चाच्या मंजुरीवरून गाडी अडली आणि केंद्र सरकारची कार्यालये, संग्रहालये, राष्ट्रीय उद्याने एका रात्रीत बंद झाली. वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाभोवतीही कठडे लागले. नेमके त्याच दिवशी मिसिसिपीहून वयोवृद्ध माजी सैनिक ते स्मारक पाहायला आले होते, कितीतरी जण चाकाच्या खुर्चीत. अखेर कठडे बाजूला सारून ते आत गेले. ही दृश्ये जगाने पाहिली. त्याच दिवशी माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये नेहमीसारखी चालू होती, डॉक्टर जागेवर होते, औषधे मिळत होती. त्याची छायाचित्रे कोणी काढली नाहीत.

ती चालू राहिली याला कारण होते २००९चा एक कायदा. त्याआधी या रुग्णालयांचा पैसाही दरवर्षी इतर खात्यांबरोबरच मंजूर व्हायचा आणि वर्षामागून वर्षे उशिरा व्हायचा. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, मंजुरी कित्येकदा महिनोन्‌महिने येत नाही. तोवर नवा डॉक्टर नेमता येत नाही, यंत्र घेता येत नाही. नव्या कायद्याने माजी सैनिकांच्या उपचारांचा पैसा एक वर्ष आधीच मंजूर करून ठेवायची सोय केली. हे विधेयक सिनेटमध्ये मांडणारे आणि माजी सैनिकविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून पुढे रेटणारे गृहस्थ होते हवाईचे डॅनियल काहिकिना अकाका. त्यांचे हे एकट्याचे श्रेय नव्हे, प्रतिनिधीगृहातही त्यासाठी झगडणारे लोक होते. पण २०१३च्या त्या ऑक्टोबरात अकाका सिनेटमधून निवृत्त होऊन नऊ महिने झाले होते आणि त्यांनी करून ठेवलेली तजवीज त्यांच्यामागेही काम करीत होती.

ओआहू बेटाच्या पश्चिमेला, कपोलेईत, माजी सैनिकांसाठी नवा दवाखाना झाला. त्याला अकाकांचे नाव दिले आहे. हे नाव योग्यच आहे असे माझे म्हणणे आहे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप मला मान्य नाहीत.

सगळ्यांत जड आक्षेप असा: सैनिकांच्या दवाखान्याला सैनिकाचेच नाव हवे. रणांगणावर रक्त सांडणारे एवढे असताना राजकारण्याचे कशाला? ऐकताना हे पटते, कारण त्यामागे हुतात्म्यांविषयीचा आदर आहे, आणि तो आदर माझ्याही मनात आहे. पण शौर्याची दखल आपोआप घेतली जाते, हे यात गृहीत धरलेले आहे. तसे होत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आशियाई वंशाच्या अमेरिकी सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदकाच्या वेळी डावलले गेले होते. त्यांच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात ही दुरुस्ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संरक्षणविषयक कायद्यात घालून घेतली ती अकाकांनीच. त्या तपासणीतून जून २००० मध्ये २२ जणांना सर्वोच्च पदक मिळाले, बहुतेकांना मरणोत्तर. जिवंतपणी ज्यांच्या गळ्यात ते पडले त्यांत इटलीच्या लढाईत उजवा हात गमावलेले सिनेटर डॅनियल इनोये होते. पन्नासएक वर्षे धूळ खात पडलेली शौर्याची कागदपत्रे ज्याने उघडायला लावली, त्याचे नाव सैनिकांच्या दारावर परके कसे? शिवाय अकाका स्वतः लष्करात होते. शाळकरी वयात पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यांनी होनोलुलूतल्या आपल्या शाळेच्या आवारातून पाहिला. पुढे सैन्याच्या इंजिनियर दलात गेले आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणाच्या सवलतीवर शिकून शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक. ज्या कायद्याने ते शिकले त्याच जातीचे कायदे त्यांनी पुढच्यांसाठी केले.

दुसरे म्हणणे, राजकारणी एकमेकांची नावे देत बसतात. हे मी झटकून टाकत नाही. सत्तेवर असलेल्या माणसाचे नाव त्याच्याच हयातीत, त्याच्याच माणसांनी द्यायचे, याचा वीट आपल्याला चांगलाच आलेला आहे. इमारतीशी, रुग्णाशी, त्या गावाशी काडीचा संबंध नसलेली नावे आपण पाहतो. अशा नामकरणाला माझाही विरोध आहे. पण त्याला उत्तर नियमाने द्यायचे असते, आणि तिथे तसा नियम आहे. माजी सैनिक खात्याच्या इमारतीला कायद्याने फक्त गावाचे वा भागाचे नाव देता येते. व्यक्तीचे द्यायचे तर संसदेने त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो. म्हणजे कोणा मंत्र्याच्या मर्जीने पाटी चढत नाही. अकाका २०१८ साली गेले. दवाखान्याला नाव मिळाले ते त्यानंतर. तोवर त्यांच्याकडून कोणाला काही मिळवायचे उरले नव्हते.

तिसरा आक्षेप त्यांच्या योग्यतेवर आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००६ साली अकाकांना सर्वांत वाईट पाच सिनेटरांत बसवले होते. किरकोळ ठराव मांडणारा आणि समितीतच मरणाऱ्या विधेयकांचा धनी, असा त्याचा एकूण सूर होता. हवाईच्या मूळ रहिवाशांना मान्यता देणारे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे विधेयक शेवटपर्यंत संमत झाले नाही, हेही खरे. पण ज्याला व्यासपीठ गाजवता येते तोच मोठा, ही मोजपट्टी मला मुळातच मान्य नाही. त्या यादीनंतर वर्षाच्या आतच, २००७ च्या जानेवारीत, अकाका समितीचे अध्यक्ष झाले. मग आला आगाऊ मंजुरीचा तो कायदा. २०१० मध्ये आला घरी जखमी सैनिकाची शुश्रूषा करणाऱ्या बायकोला, आईला, भावाला दरमहा मानधन आणि प्रशिक्षण देणारा कायदा. नोकरी सोडून नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईच्या कष्टांची सरकारने दखल घेतली. हे सगळे आवाज न चढवता झाले. सौम्य माणूस म्हणून ओळखले जाणारे अकाका भाषणे गाजवीत नसत, एवढ्यावरून त्यांना तोलणाऱ्यांनी ही कागदपत्रे वाचलेली नसावीत.

आणि शेवटचे, सगळ्यांत जास्त कानावर येणारे: नावाने काय होते? डॉक्टर द्या, औषधे द्या, पाटीवर खर्च कशाला? मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला आणि ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मारली गेली. नुसती पाटी असती तर एवढे झाले असते का? ही संस्था कोणाच्या झगड्यातून उभी आहे आणि कोण इथे हक्काने आत येतो, हे दारावरचे नाव सांगत असते.

हे मला आमच्या मामांकडे पाहून कळले. मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी माजी सैनिक आरोग्य योजनेची वर्गणी त्यांच्याकडून कापून घेतलेली. तरी पॉलीक्लिनिकला जायचे म्हणजे पहाटेची पहिली एसटी, कापडी पिशवीत कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रेचे पाकीट. पाकिटाच्या कडा घामाने मऊ पडलेल्या. एकदा चार तास रांगेत बसून खिडकीशी पोचले, तर औषधापुढे ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असे लिहून चिठ्ठी परत मिळाली. बाहेरून विकत घ्या, बिल जोडा. मामा वाद घालत नाहीत. घरी येऊन म्हणाले, “सरकारचं आहे, मिळेल तेवढं आपलं.” वर्गणी भरलेला, सीमेवर वर्षे घालवलेला माणूस स्वतःच्या हक्काच्या औषधाला दान समजत होता. ही योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली. तिच्यामागे कोणी कागद रंगवले, कोणी पाठपुरावा केला, हे मामांना कधी कोणी सांगितले नाही. पॉलीक्लिनिकच्या पाटीवर फक्त गावाचे नाव आहे.

उपचार आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी माणूस एखाद्या समितीत बसून एकेक कलम पुढे सरकवतो, तेव्हा कुठे खिडकीपलीकडून गोळी हातात येते. त्या माणसाचे नाव दारावर असले तर आत येणाऱ्याला कळते की हे भांडून मिळवलेले आहे, म्हणून भांडून मागताही येते. म्हणूनच नुसते नाव मला पुरेसे वाटत नाही. नावाखाली त्याने काय केले ते चार ओळींत लिहावे, कायद्याच्या सालासकट. ते वाचून रुग्णाने खिडकीपाशी विचारावे: पैसा आगाऊ मंजूर आहे, मग माझे औषध का नाही?

लोकसेवकाचे नाव दारावर लावायची ही परंपरा ओआहूवर जुनी आहे. ट्रिपलर लष्करी रुग्णालयाशेजारच्या माजी सैनिकांच्या केंद्राला स्पार्क मात्सुनागांचे नाव आहे. तेही सिनेटरच, आणि महायुद्धात इटलीत जखमी झालेले. १९९० मध्ये ते वारले आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर अकाका आले. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, वायअनाएकडच्या माजी सैनिकाला या केंद्रात जायचे तर किनाऱ्यावरचा एकमेव मोठा रस्ता धरायचा आणि पुढे होनोलुलूच्या गर्दीत अडकायचे. पायात सळई असलेल्या, पाठीचा मणका सरकलेल्या माणसाला तेवढे बसणेच शिक्षा. कपोलेईचा दवाखाना त्यांच्या बाजूला आला. आधीच्या पिढीच्या लोकसेवकाचे नाव शहराकडे आणि त्याच्या जागी आलेल्याचे नाव गावाकडे, ही जोडी मला फार योग्य वाटते.

परवा मामांना फोनवर त्या दवाखान्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाटी निरखली.

“फौजी होता का हा?”

“दोन-एक वर्षं. नंतर मास्तर. मग सिनेटर, म्हणजे आपल्याकडच्या खासदारासारखा.”

“मग दवाखान्याला याचं नाव का?”

मी त्यांना २०१३ची हकिगत सांगितली, कठड्यांची आणि चालू राहिलेल्या रुग्णालयांची. मामांनी स्मारकाचे काही विचारले नाही.

“त्या दिवशी गोळ्या मिळाल्या सगळ्यांना?”

“मिळाल्या.”

त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला आणि नाव नीट वाचायला मला ते मोठे करून द्यायला सांगितले.