मूरघासाची ट्रॉली आणि तिचा फाळका

मूरघासासाठी मका दाणे चिकात असताना कापतात. त्या वेळी त्यात शेकडा ६५ ते ७० भाग पाणी असते. त्याची कुट्टी खड्ड्यात लवकर दाबली, म्हणजे हवा निघून जाते व सुमारे ४५ दिवसांत चारा मुरतो. घाईच्या ह्या कामास पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळदा विटांची ट्रॉलीच जुंपली जाते, आणि घोटाळा होतो तो मागच्या फाळक्यापाशी.

हा फाळका खालच्या बिजागरीवर फिरतो. जॅकने पेटी उचलली की तो लोंबतो, त्यावर कुट्टीचा ढीग बसतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकताच पत्रा वाकतो. त्याहून वाईट असे की, कडी काढणाऱ्यास नेमके भाराच्या तोंडाशी उभे राहावे लागते. कडी सुटताच फाळका व ओली कुट्टी दोन्ही त्याच्या अंगावर! अशा वेळी मजुराच्या निष्काळजीपणास बोल लावणे अन्यायाचे आहे. दोष रचनेचा आहे.

बिजागरी वर घ्यावी. मग भारच फाळक्यास बाहेर लोटतो, आणि पेटी खाली येताच तो आपल्या वजनाने मिटतो. खालची कडी सळईने सांगाड्यास जोडली, तर पेटी उठताच ती आपोआप सुटते. मागे कोणी उभे राहण्याचे कारण उरत नाही. विटांना खाली पडणारा फाळकाच सोयीचा, हे खरे. त्याकरिता वर व खाली दोन्हीकडे काढता येणाऱ्या खिळ्या ठेवाव्यात. ह्यासाठी बंगळूरच्या बोम्मसंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीची वाट पाहावयास नको. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात हे होण्याजोगे आहे. गिऱ्हाईक ते मागत नाही, इतकेच.