पप्पा, पाचशे टाका ना!

मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. जीपे किंवा फोनपे उघडा, त्यात ‘पप्पा’ किंवा ‘आई’ शोधा आणि अंगठ्याने वर सरकवत जा. गेल्या सहा महिन्यांचं बघा.

बहुतेकांना दिसेल ते असं. सगळे पैसे एकाच बाजूने आलेले. ५००, ३००, १२००, पुन्हा ५००. सोबत आपले मेसेज : ‘प्रोजेक्ट’, ‘फॉर्म फी’, ‘झेरॉक्स’, ‘अर्जंट आहे पप्पा’. त्यातला कुठला प्रोजेक्ट बोईसरच्या टर्फवर झाला आणि कुठली झेरॉक्स केळव्याच्या बीचवर मित्रांबरोबर खाल्ली, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही आहे, मीही हेच केलंय. आपल्या बाजूने गेलेले पैसे? फार शोधलं तर सापडेल एखादा रुपया. अ‍ॅप नवीन टाकलं तेव्हा चालतंय का बघायला पाठवलेला.

बिघडलेली पोरं म्हटलं की आपल्याला लगेच पुणं आठवतं. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर, भरधाव पोर्शे, दोन तरुण इंजिनीअरचा जीव गेला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याचे आई-वडीलही अटकेत गेले. आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले, मीम फिरवले, संतापलो. बरोबरच होतं ते. पण मनात कुठेतरी बरंही वाटलं, की आपण काही तसे नाही. आपल्या घरी कुठे पोर्शे आहे? आपल्या घरी जुनी स्प्लेंडर आहे. तीही पप्पांची, पण असते आपल्याकडे. पप्पा शेअर रिक्षाने जातात.

शिरगाव, सातपाटी, पालघर, बोईसर या आपल्या पट्ट्यात लाड असे दिसत नाहीत, कारण ते छोटे असतात आणि हप्त्यावर असतात.

एका घरातलं सांगतो, नाव नको. असं घर तुमच्याही आळीत असेल. वडील तारापूर एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत, कंत्राटी. पोरगा वीस वर्षांचा, कॉलेजला नाव आहे म्हणून कॉलेजचा. त्याला बाइक हवी. साधी नाही, ऑन रोड दोन लाखांच्या घरातली. वडील नाही म्हणाले. मग दोन दिवस जेवण बंद. तिसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, ‘माझं काही बरंवाईट झालं ना, मग बसा पैसे सांभाळत.’ चौथ्या दिवशी आईच्या पाटल्या सोनेतारणला गेल्या. डाउन पेमेंट तिथून आलं, हप्ता वडिलांच्या नावावर. त्या महिन्यापासून वडील मिळेल तेव्हा डबल ड्युटी करतात. बाइक संध्याकाळी शिरगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभी दिसते. तिच्यावर बसून फोटो फार छान येतात.

आईला म्हटलेल्या त्या वाक्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ज्याला खरंच जगणं नकोसं झालंय त्याने ते बोलावंच. आईशी, मित्राशी, नाहीतर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर. फोन फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. पण बाइकसाठी ते वाक्य वापरायचं? आई-वडील अशा बातम्या वाचतात, त्यांना झोप लागत नाही आणि आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तर आपण ते बोलतो. याला हट्ट म्हणत नाहीत, ही खंडणी आहे. शब्द कडक वाटला तर वाटू दे.

आता तुम्ही म्हणाल, आई स्वतःच म्हणाली की, ‘घे रे, आम्हाला काय करायचंय आता दागिने घालून.’ हो, म्हणाली असेल. आपल्या आया हेच म्हणतात. ‘मला नको’, ‘मला भूक नाही’, ‘मला पापलेट आवडतच नाही.’ सातपाटीच्या शेजारच्या गावात राहणाऱ्या बाईला पापलेट आवडत नाही! २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं, पण आपल्या घरी त्यातला मधला तुकडा कुणाच्या ताटात पडतो ते बघा एकदा. आणि आईचं हे ‘आवडत नाही’ आपण किती वर्षं खरं मानतोय, तेही.

माझ्या पप्पांची एक वही होती. खर्चाची, लाल कपड्याच्या पुठ्ठ्याची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी मोबाइलसाठी घर डोक्यावर घेतलं होतं आणि शेवटी घेतलाच. पुढे नोकरी लागल्यावर बँकेची कसली तरी कागदपत्रं शोधताना ती वही हाती लागली. त्या महिन्याच्या पानावर माझ्या मोबाइलची नोंद होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘हिचा चष्मा पुढच्या महिन्यात’. मी पुढची पानं उलटली. चष्मा सातव्या महिन्यात आला होता. ते सात महिने आई माझ्याकडून एसटीच्या पाट्या वाचून घ्यायची आणि मी वैतागायचो, हे मला तेव्हा तिथेच आठवलं. आईला मी यातलं काहीच विचारलं नाही. विचारून ती ‘कधी रे, मला नाही आठवत’ म्हणाली असती.

घरात येणारा पैसा कसा येतो, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं? ज्यांच्या घरची बोट आहे त्यांना तरी? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस. आणि कॉलेजच्या अ‍ॅडमिशन, वर्षाची फी, रूम डिपॉझिट, सगळं नेमकं त्याच दोन महिन्यांत. घरी उत्पन्न शून्य आणि आपण हॉलमध्ये बसून म्हणतो, ‘सगळ्यांकडे लॅपटॉप आहे.’ त्याच दिवसांत जाळी दुरुस्त करायची असतात, बोटीची डागडुजी असते आणि मोसमाच्या आधी डिझेल-बर्फाची सोय लावायची असते. पैसे कुठून येतात? उसने येतात. शैक्षणिक कर्ज घेतलं तर वडील सहकर्जदार असतात. म्हणजे आपण हप्ता चुकवला की त्यांचा सिबिल पडतो आणि मग बोटीच्या नाहीतर घराच्या कर्जाला बँकेचा साहेब मान हलवतो. हे आपल्याला कुणी सांगत नाही. पण आपण विचारतही नाही, कारण माहीत झालं की मागता येत नाही.

आणि बहीण? तिच्याबद्दल आपण लाडांची चर्चा करत नाही, कारण लाड करायचेच नसतात. बारावी झाली की ती पॅकिंगच्या कामाला लागते, पगार झाला की आईच्या हातात ठेवते आणि त्यातूनच भावाच्या गाडीत पेट्रोल पडतं. मुली बिघडत नाहीत असं मी म्हणत नाही. बिघडायची सोय आपण घरोघर पोरांसाठी जास्त करून ठेवली आहे, एवढंच. यात आई-वडिलांचाही वाटा आहे आणि तो लहान नाही.

घरी राहणं हा काही गुन्हा नाही, हेही लिहायला हवं. बोईसरला कंत्राटी नोकरीत हातात जे पडतं त्यात वेगळी खोली घेऊन राहणं जमत नाही. नोकरी शोधण्यात वर्ष गेलं तरी कुणाला आयतोबा म्हणू नये. आणि जगभर हीच गत आहे. इटलीत २००७ साली एका मंत्र्याने आई-बापांच्या घरी राहणाऱ्या मोठ्या मुलांना ‘बाम्बोच्चोनी’ म्हणजे ढबोली बाळं म्हटलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लोक म्हणाले, आधी नोकऱ्या द्या. पण त्याच इटलीत, पाविया शहरात, २०२३ मध्ये पंचाहत्तरीची एक आई कोर्टात गेली. चाळिशीतले दोन मुलगे घरात राहत होते, खर्चाला पैसे नाहीत, कामाला हात नाही. कोर्टाने त्यांना घर सोडायला सांगितलं.

आपल्याकडे आई अशी कोर्टात जात नाही असं वाटत असेल, तर तेही बघून घ्या. मुंबई उच्च न्यायालयासमोर २०२२ मध्ये एक प्रकरण आलं. नवऱ्याला डिमेन्शिया, उपचारांना पैसे हवेत म्हणून बायकोला फ्लॅट विकायचा होता आणि मुलगा आडवा आला. न्यायालयाने त्याला सांगितलं की आई-वडील जिवंत असताना त्यांच्या फ्लॅटवर तुझा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयात २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईचा निकाल लागला. सांभाळीन असं लिहून देऊन मुलाने घर बक्षीसपत्रावर नावावर करून घेतलं आणि मग सांभाळलं नाही. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा आईला द्यायला लावला. हे ज्या कायद्याखाली झालं तो २००७ चा आहे. त्याच्या अर्जासाठी मोठा वकील लागत नाही, प्रांत ऑफिसात न्यायाधिकरण बसतं. दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो आणि म्हाताऱ्या आई-बापांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांची कैदही होऊ शकते.

तुम्ही वीस-बावीसचे आहात, हे तुम्हाला का सांगायचं? कारण चाळिशीतल्या त्या मुलांनी सुरुवात चाळिशीत केलेली नसते. आपल्या जिल्ह्यात बुलेट ट्रेनला, एक्स्प्रेस वेला जमिनी गेल्या, वाढवण बंदराचं काम आलंय. मोबदल्याचा पैसा ज्या घरात येतो तिथे ‘पप्पा, इथे सही करा ना’ हे वाक्यही येतं. एसयूव्ही दारात उभी राहते, ती चार-पाच वर्षांत निम्म्या किमतीची होते आणि जमीन काही परत येत नाही. सही करणाऱ्या माणसाला पेन्शन नसते. त्याचं म्हातारपण त्या चेकमध्ये होतं.

महिन्याभरात बोटी किनाऱ्याला लागतील. घरी बोट नसेल तर शिफ्ट असेल, वाडी असेल, मासळीची टोपली असेल. काय मागायचं असेल ते मागा, पण मागायच्या आधी एका रात्री जेवताना पप्पांना विचारा : हे दोन महिने आपलं घर कसं चालतं? सोसायटीचं किती देणं आहे? आईच्या पाटल्या घरात आहेत की बँकेत? पहिल्यांदा ते म्हणतील, ‘तू अभ्यास कर, तुला काय करायचंय.’ तेव्हा ताटावरून उठू नका. पुन्हा विचारा.