गाणं घेतलं, बाई विसरलो

मैत्रिणींनो, परवा आमच्या भिशीत गेल्या काही वर्षांतल्या हिट गाण्यांची उजळणी झाली. चहा होईपर्यंत मोबाईलवर एकेक गाणं लावायचं आणि त्यावर कुणाच्या लग्नात नाचलो ते आठवायचं. हसून हसून पुरेवाट झाली. पण 'झिंगाट' लागलं आणि माझं हसू थांबलं.

'सैराट' आला २०१६ साली. अजय-अतुलची गाणी, वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलेला. पण गाजली ती आपल्या मांडवात. हळद असो की वरात, 'झिंगाट'शिवाय पान हलेना.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीची हळद होती. त्याआधी महिनाभर, माझ्याशेजारी पोळ्या लाटताना ती हळूच म्हणाली होती, "काकू, मला दुसरं कुणीतरी आवडतं गं. आपल्यातला नाहीये." मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हटलं, "बाळा, घरच्यांचं ऐक." विषय संपला! हळदीला डीजेवर 'झिंगाट' वाजलं तेव्हा मी तिचा हात धरून ओढलं. ती काही उठली नाही. "लाजतेय ती," असं सगळ्यांना सांगून मी मात्र दम लागेपर्यंत नाचले.

सिनेमात हे गाणं पाटलांच्या घरच्या वाढदिवसाला वाजतं आणि त्याच रात्री आर्ची-परश्या पकडले जातात. शेवटी तर तिच्या माहेरचीच माणसं त्या दोघांचा जीव घेतात. थिएटरातून आपण डोळे पुसत बाहेर पडलो होतो ना? मग मांडवात ते कसं आठवलं नाही?

तीच गत 'चंद्रा'ची. २०२२ च्या 'चंद्रमुखी'तलं हे गाणं श्रेया घोषालनं गायलं, अमृता खानविलकर त्यावर नाचली. मग काय, गॅदरिंगला चिमुरड्या पोरींपासून महिला मंडळापर्यंत सगळ्यांनी नऊवारी नेसून 'चंद्रा' केलं. पण ही चंद्रा तमाशातली कलावंतीण. तशी बाई खरोखर दारात आली, तर आपल्यापैकी किती जणी तिला हळदीकुंकवाला आत बोलावतील?

आणि 'गुलाबी साडी'? जळगावकडच्या संजू राठोडचं हे गाणं २०२४ मध्ये गावोगावी वाजलं. त्यातली पोरगी नटूनथटून सरळ सांगते, माझा फोटो काढ. इतकी साधी हौस! भिशीत आम्हीही त्यावर रील केलं. लगेच एक मैत्रीण घाबरून म्हणाली, "स्टेटसला नका हं ठेवू, आमच्याकडे चालत नाही." सगळ्यांनी मुकाट्यानं माना डोलावल्या. का, असं एकीनंही विचारलं नाही.

म्हणजे बघा, गाणं आपण घरात घेतलं; त्यातली बाई मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवली. नाचू नका, असं मी मुळीच म्हणत नाहीये. वर्षभर रांधा, वाढा, उष्टी काढा यातून तेवढीच पाच मिनिटं आपली असतात. फक्त ज्या पोरीच्या हळदीत आपण नाचतोय, तिला एकदा तरी विचारलंय का, "तुझ्या मनात काय आहे?"

पुतणीचा संसार आता आठ-नऊ वर्षांचा झालाय. कसं चाललंय विचारलं की "बरं चाललंय" एवढंच म्हणते. मीही पुढे विचारत नाही, कारण विचारायची वेळ मी तेव्हाच घालवली.

गेल्या आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, "काकू, तुझ्याशी जरा बोलायचंय. घरी कुणाला सांगू नको." या वेळी मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "बोल बाळा, ऐकतेय मी."