कुत्र्याचा पगार

1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रडॉरने 3,329 किलो आरडीएक्स हुडकून दिलं. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा गडी 2000 साली हाडाच्या कॅन्सरने गेला. त्याच्याबद्दल बोलताना आपण 'देशभक्त' वगैरे म्हणतो. माझं मत जरा रुक्ष आहे. कुत्रा पगारासाठी हुंगतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपण तरी दुसरं काय करतो? म्हणूनच पगार विचार करून ठरवायला हवा.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर वीकेंडला पुण्या-मुंबईचे लोक आपापली कुत्री घेऊन येतात. वाळूत वस्तू लपवून 'शोध!' असा खेळ चालतो. खेळ छानच, नाकाला काम मिळतं. पण बक्षीस काय, तर चॉकलेट, मनुका नाहीतर काट्यासकट तळलेली सुरमई! चॉकलेट आणि मनुका कुत्र्याला विषारी. काही शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर अगदी थोडंही जीवघेणं ठरू शकतं. बॉलचंही तसंच. लहान असला तर घशात अडकतो, समुद्रातून आणताना खारं पाणी पोटात जातं, सोबत वाळू. त्यात कोकणातली दमट दुपार म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच.

मग द्यायचं काय? उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, मीठ-कांदा-लसूण न घातलेले, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. किंवा घशात जाणार नाही इतका मोठा, दोरीवाला रबरी बॉल, जो फक्त कामाच्या वेळीच मिळेल. दोन्ही समोर ठेवा, कुत्रा ज्यावर झेपावेल तो त्याचा पगार.

आता खरी गोम. कुत्र्याने बसून इशारा दिला की त्याच क्षणी, वासाच्या जागीच बक्षीस द्यायचं. तो तुमच्याकडे परत आल्यावर दिलंत, तर तो परत येणंच शिकतो. आणि प्रत्येक वेळी चिकनच्या हाताने वस्तू लपवलीत, तर तो चिकनच शोधतो! म्हणून काही डब्यांना फक्त हाताचा आणि चिकनचा वास लावून ठेवायचा. त्यांच्यापाशी बसला तर काही द्यायचं नाही.

सापडलेल्या प्रत्येक बगमागे पैसे मिळायला लागले की टेस्टिंगमध्ये बगांचं पीक येतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको. अंदाजाने बसण्याला बक्षीस मिळालं, की कुत्राही प्रत्येक डब्यापाशी बसतो. किनाऱ्यावर आपण हसून सोडून देऊ. पण रेल्वे स्टेशनवरच्या बेवारस बॅगेत काय आहे हे हँडलरलाही ठाऊक नसतं, तिथे सगळी भिस्त त्या बसण्यावरच असते.

असो. पुढच्या वेळी तारकर्लीला जाताना खिशातलं चॉकलेट स्वतःच खा.