परभणीबद्दल जगाला कोण सांगणार?

के. आर. पुरमला आम्ही तिघे संशोधक एका भाड्याच्या खोलीत राहतो. हाँगकाँग, म्यानमार, इराण यांवर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. कुठल्या देशाने निषेध केला, कुणी निर्बंध लादले, सगळं पाठ. डिसेंबर २०२४ मध्ये मी ‘परभणी’ म्हणालो, तेव्हा ती नकाशात कुठे आहे इथपासून सांगावं लागलं.

१० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांत वडार समाजातले, कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. संविधानासाठीचं आंदोलन लोकशाहीचं नाही, तर कशाचं?

मला फादर स्टॅन स्वामी आठवले. पूर्वी ते याच बेंगळुरूत इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बॅशेलेट यांनी जाहीर चिंता व्यक्त केली. तरी जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ ला ते गेले. जगाच्या निवेदनाने जीव वाचला नाही, पण सरकारला उत्तर द्यावं लागलं. नोंद राहिली.

स्टॅन स्वामींच्या मागे जगभर पसरलेला जेझुइट संघ होता, इंग्रजीत लिहिणारी माणसं होती. सोमनाथ यांच्यामागे त्यांची आई उभी राहिली. ती कोर्टात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यायचा विचार होता. जगाने आपल्याकडे पाहावं म्हणून ते थांबले नाहीत. कागद तयार करायला निघाले.

आणि मी? प्रबंधाची पानांवर पानं लिहिली, परभणीवर इंग्रजीत एक पान नाही. तक्रार जगाबद्दल होती, काम माझं राहिलं होतं.

साथींनो, आपल्या घरात पहिली डिग्री आपली आहे. तारखा, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, कोर्टाचे आदेश वाचता येतात, भाषांतर करता येतं. आईने तिचं काम केलं. आता आपलं करूया.

जय भीम.