खरखर दोष नव्हे, निवड
मा. संपादक,

गेल्या अंकातील लेखात न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडच्या 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' या अल्बमला 'एकट्याने घरी उरकलेले काम' म्हटले आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. 1998 साली मर्ज रेकॉर्ड्‌सने काढलेला हा अल्बम डेन्व्हरच्या पेट साउंड्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता रॉबर्ट श्नायडर. गिटारची खरखर मुद्दाम राखलेली आहे.

गायक-गीतकार जेफ मँगम एकटाही नव्हता. जेरेमी बार्न्सचे ड्रम, ज्युलियन कोस्टरची गजाने वाजवलेली करवत आणि स्कॉट स्पिलेनची पितळी वाद्ये वगळली, तर अल्बमचा निम्मा प्राण जाईल.

'शब्द निरर्थक' हा शेराही घाईचा. अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचून मँगम हादरला होता. ते ध्यानात ठेवून ऐकल्यास प्रतिमांची संगती लागते. आवाज चिरका आहे, एवढे मान्य. पण हा शोक गुळगुळीत गळ्याला पेलला नसता.

राहिला 'मागाहून फुगवलेल्या कीर्ती'चा मुद्दा. पिचफोर्क या संगीत-समीक्षा संकेतस्थळाने 1998मध्येच 8.7 गुण दिले होते. 2005च्या पुनर्प्रकाशनाला पूर्ण 10. कौतुक वाढले, उगवले नाही.

टीका जरूर छापा. पण समीक्षकाने आधी अल्बमवरची श्रेयनामावली वाचावी.

– एक श्रोता, डोंबिवली