झेरॉक्सच्या कागदावरचा व्यायाम

गुडघे धरून ओपीडीत गेलेला माणूस बहुधा गोळ्या, ‘गॅप कमी झालाय’ हे वाक्य आणि व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स कागद घेऊन बाहेर पडतो. गोळ्यांपुढे ‘जेवणानंतर, दिवसातून दोनदा’ असं लिहिलेलं असतं. व्यायाम किती, कधी, कुणासमोर करायचा, हे मात्र कुणी लिहीत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. गुडघेदुखीच्या या नेहमीच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, व्यायाम, आजाराची नीट समज आणि गरजेप्रमाणे वजन घटवणं हाच पहिला उपचार आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2022 मध्ये हे पुन्हा सांगताना निदानासाठी सरसकट एक्स-रे काढू नका आणि ग्लुकोसामाइन देऊ नका, असंही बजावलं. पुराव्याला तोटा नाही. रोजच्या दवाखान्यात त्याला जागा नाही.

डेन्मार्कने ती जागा 2013 मध्ये ‘ग्लॅड’ या कार्यक्रमातून करून दिली. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी आजार समजावून सांगतात, मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे स्वतः उभं राहून व्यायाम करून घेतात. हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, हे आधी आणि नंतर मोजलं जातं. उठताना गुडघा आत कलंडतो की पावलाच्या रेषेत राहतो, यावर नजर असते. झेरॉक्सला ती नजर कुठून असणार? ‘वंगण संपलंय, आणखी घासू नका’ हा आपल्याकडचा घरगुती सल्ला तर उलटाच. सांधा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. बेताचा भार त्याला मानवतो, आणि व्यायामाने वाढलेलं थोडं दुखणं 24 तासांत मूळ पातळीवर येत असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

यावरचा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: व्यायामाचा गुण माफक असतो. खरं आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या 2024 च्या आढाव्यातही हा फायदा रुग्णाला ठळक जाणवेल का, याविषयी शंका आहे. पण वेदनाशामकांचाही गुण माफकच, वर पोट आणि मूत्रपिंडाला धोका. सांधेरोपणाने दुखणं जास्त कमी होतं, यातही वाद नाही. तरी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत, सांधेरोपणासाठी पात्र असूनही आधी विनाशस्त्रक्रिया उपचार घेतलेल्या 50 पैकी फक्त 13 जणांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं; आणि ऑपरेशनच्या गटात गंभीर गुंतागुंती अधिक होत्या. ज्याला गरज आहे त्याने ऑपरेशन जरूर करावं, पण व्यायामाची पायरी गाळून नव्हे. आपल्याकडे ती गळते, कारण आरोग्यविमा मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाचं बिल भरतो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्राने 2017 मध्ये मर्यादा घातली, ते बरंच झालं. आता बारा सत्रांचा दर ठरवून तो विमा आणि सरकारी योजनांत घालावा. लागतं काय? एक खोली, भक्कम खुर्च्या, फिजिओथेरपिस्ट आणि चिठ्ठीवर गोळीइतक्याच ठसठशीत अक्षरात ‘आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे’. खाली सातव्या आठवड्यात पुन्हा येण्याची तारीख.